पोरीच्या परीक्षेच्या आडोशाला

"कान धर."

सरांनी एवढंच म्हणलं. त्यांच्या चहावर साय आली होती. समोर सतरंजीवर ट्यूशनची नववीची पोरं-पोरी बसली होती. आमच्या नांदेडच्या घराची पुढची खोली म्हणजे सरांचा वर्ग. भिंतीला फळा, फळ्याखाली खुर्ची, खुर्चीत सर. सर म्हणजे माझा नवरा.

मला वाटलं, पोरांसमोर गंमत करायलेत. मी जरा हसले बी.

"हसतेस काय? कान धर. उठाबशा काढ. मुलांनो, तुम्ही मोजा."

पोरं खिदळली. त्यांनाही गंमतच वाटली. मी पदर खोचला, कान धरले, खाली बसले, उठले. एक पोरगं मोजायला लागलं, मग सगळीच मोजायला लागली, पाढे म्हणल्यासारखी, सूर धरून. थोड्या वेळानं आवाज बारीक झाला. पोरांच्या ध्यानात आलं की ही गंमत न्हाई. मग एकटे सरच मोजत होते. मान खाली घालून, हातातल्या वह्या तपासत. माझे गुडघे कटकट वाजत होते.

त्याच वर्गात, खिडकीपाशी, माझी पोरगी बसली होती. तिनं मोजलं का न्हाई, मला मालूम न्हाई. मी तिकडं बघितलंच न्हाई.

"आता कळलं चहा कसा आणायचा? जा."

मी कप उचलला. आत गेले, दुसरा चहा टाकला, गाळून आणून दिला. संध्याकाळी एक आई आपल्या पोराला न्यायला आली. तिनं दारात विचारलं, "काय मॅडम, बरंय ना?" मी म्हणलं, हाव, बरं हाय.

लोकं विचारतेत, तुला तेव्हा काय वाटलं? खरं सांगू? काहीच वाटलं न्हाई. आत गॅसवर भाजी करपायली होती, तिचा वास येत होता, तेवढं आठवतं. हे मी रडून सांगत न्हाई. तेव्हा बी रडले न्हाई. रडायला आत काहीतरी ओलं लागतं. माझ्या आत तसं काही उरलं नव्हतं.

मी जळकोटकडची. गावाचं नाव सांगत न्हाई. बारावी झाले होते, पुढं शिकायचं मनात होतं. तेवढ्यात सरांचं स्थळ आलं. संस्थेच्या शाळेत मास्तर, नांदेडात स्वतःचं घर. आमच्या अख्ख्या भावकीत नोकरीवाला जावई नव्हता. बापाला रात्रभर झोप आली न्हाई आनंदानं. बाया म्हणल्या, पोरगी सुटली.

सुटली कशाची? मी "न्हाई" म्हणलं की सर म्हणायचे, "नाही म्हण. गावंढळ." मी "लई" म्हणलं की ते तोंड वेंगाडून तसंच म्हणून दाखवायचे, पाहुण्यांसमोर. हळूहळू मी बोलायचंच सोडलं. हाव अन् बरं, एवढ्या दोन शब्दांवर मी संसार केला.

मारायचे. त्याचं लई वर्णन करण्यासारखं न्हाई, मारणं सगळीकडं सारखंच असतं. लाकडी पट्टी होती, फळ्यावर रेघा ओढायची. ती पट्टी त्यांनी वर्गातल्या एकाही पोराला कधी लावली न्हाई, हे बी खरं. "आमचे सर लई शांत," पोरं सांगायची घरी. निकाल लागला की आई-बाप पेढे घेऊन यायचे. गल्लीत कोणाचं नवरा-बायकोचं भांडण झालं तर मिटवायला सरांनाच बोलवायचे. सर जायचे, दोघांना समजावून सांगायचे, चहा पिऊन यायचे.

एकदा मी माहेरी पळून गेले. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, पाठीवरचे वळ बघितले. वहिनीला म्हणला, हळद लाव. अन् दुसऱ्या खोलीत जाऊन सरांना फोन लावला. सर आले. पांढरा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. दादानं त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं अन् मला बाहेर बोलावलं. "सरांच्या पाया पड. चुकलं म्हण." मी पडले. चुकलं म्हणलं. काय चुकलं ते मी विचारलं न्हाई, त्यांनी बी सांगितलं न्हाई. एसटीत बसवताना दादा माझ्या कानाशी म्हणला, "सर माणूस हाय तो. एवढा शिकलेला. तुझंच कुठंतरी चुकत असंल बघ."

त्या चहाच्या दिवसापासून उठाबशा रोजच्याच झाल्या. ट्यूशनसमोर न्हाई, पण घरात. भाकर जाड झाली, काढ. शर्टाला इस्त्री नीट न्हाई, काढ. मी मनात म्हणायची, चला, पट्टीपेक्षा बरं, वळ तरी उठत न्हाईत. बघा, माणूस कुठवर खाली येतो. मला त्याचंच समाधान वाटायला लागलं होतं.

पोरगी दहावीला चांगली निघाली. सरांच्या शाळेतल्या दुसऱ्या एका मास्तरची पोरगी लातूरला राहून एमबीबीएसला लागली होती. तेव्हापासून सरांच्या डोक्यात तेच. नांदेडात क्लास काय कमी हायत? पण न्हाई, लातूरच पाहिजे. पोरीला होस्टेलवर ठेवलं. मेसचं खाऊन तिला कावीळ झाली. वजन निम्मं झालं पोरीचं.

लातूरच्या त्या गल्ल्या ज्यांनी बघितल्या न्हाईत त्यांच्यासाठी सांगते. बिल्डिंगी नुसत्या खोल्यांच्या. एकेका खोलीत एक लेकरू अन् एक आई. बाप गावाकडं, शेतात न्हाईतर नोकरीवर. आई आली ती डबा करायला. लेकरू क्लासला जातं, आई भाकऱ्या थापती. नीटची परीक्षा झाली की गॅस, भांडी, गादी टेम्पोत टाकायची अन् परत. नवऱ्याला सोडून एकटी बाई शहरात राहते म्हणून तिला कोणी नावं ठेवत न्हाई. उलट मान देतात. लेकरासाठी झिजायली म्हणतात.

सरांनीच मला म्हणलं, "तू जा. एवढा स्वयंपाक तरी येतो ना तुला? तेवढं कर." टेम्पो त्यांनीच ठरवला. सामान त्यांनीच चढवलं. आपण काय करायलोय ते त्यांच्या ध्यानात आलं न्हाई. माझ्या बी आलं न्हाई. पोरीच्या डॉक्टरकीच्या नादात त्या माणसानं स्वतःच्या हातानं मला घराबाहेर काढलं होतं.

लातूरच्या खोलीत मला मारायला कोणी नव्हतं. तरी जिना वाजला की मी उठून उभी राहायची. पोरगी म्हणायची, "आई, बस. वरचे हायत ते." भाजीत मीठ पडलं का न्हाई ते जिभेला कळायचं न्हाई, पोरीलाच चाखायला द्यावं लागायचं. दुपारी ती क्लासला गेली की मी भिंतीला टेकून बसायची. ना झोप, ना विचार. उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकायचा, तो बघायची. कोणी म्हणलं असतं, ऊठ, तर उठले असते. कोणी म्हणत नव्हतं.

बिल्डिंगीतल्या बाया दुपारी जिन्यावर बसून भाज्या निवडायच्या. मी बी जाऊन बसायला लागले. माझ्या शेजारच्या खोलीत ओंकारची आई. किल्लारीकडची. तोंडाची लई चालू, हसायची बी लई. आम्हाला तिथं नावं नव्हती, सगळ्या ह्याची आई, तिची आई. घरमालकीण तळमजल्यावर, तिला सगळे मावशी म्हणायचे. मावशीचा कायदा एकच. आवाज न्हाई. पोरं अभ्यासाला बसली की टीव्ही बंद, भांडण बंद, मोबाईलवर मोठ्यानं बोलणं बंद. कुकरच्या शिट्ट्या सुद्धा पोरं क्लासला गेल्यावर. एकदा एकीचा दीर गावाकडून पिऊन आला अन् जिन्यात गाणं म्हणायला लागला. मावशीनं त्याला झाडू घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवला.

रोज संध्याकाळी सरांचा व्हिडिओ कॉल यायचा. ओंकारची आई चिडवायची, "काय बया, रोज तोंड बघितल्याबिगर तुझ्या सरांना घास जात न्हाई. लई जीव हाय गं!" बाया हसायच्या. मी बी हसायची. मग खोलीत जाऊन दार लावून फोन उचलायची. "फोन फिरव," सर म्हणायचे. मी फिरवायची. दारामागं. कपाटात. मोरीत. खाटेखाली. खिडकीतून बाहेर. कोणी न्हाई अशी खात्री झाली की म्हणायचे, "ठीक आहे, पोरीला दे."

एकदा मी गच्चीवरून कपडे काढून आणायला गेले, फोन खोलीत राहिला. आल्यावर बघते तर त्यांचे किती तरी कॉल येऊन गेलेले. मी लावला.

"कुठे होतीस?"

"गच्चीवर. कपडे..."

"कोणाबरोबर?"

ह्याला उत्तर देऊन फायदा नसतो.

"फोन कशाला तरी टेकव. मागे सरक. कान धर."

मी फोन पिठाच्या डब्याला टेकवला. मागं सरकले. कान धरले. पोरगी टेबलाशी अभ्यास करत होती, पाठमोरी. फोनमधून ते मोजायले होते अन् मी काढायले होते. खाली, वर. खाली, वर.

मग पोरगी म्हणली, "आई, फोन बंद पडलाय."

मी बघितलं. नेट गेलं होतं. स्क्रीनवर त्यांचं तोंड अर्धं उघडं थांबलं होतं अन् त्याच्यावर ते गोल चक्कर फिरत होतं. आवाज कधी बंद झाला होता कोण जाणे. खोलीत मोजणारं कोणी नव्हतं. बघणारं कोणी नव्हतं. मारायचं म्हणलं तरी तो माणूस चार तास लांब होता. अन् मी काढायले होते.

पोरीनं सांगितल्यावर बी मी लगेच थांबले न्हाई. अजून थोड्या काढल्या. मग थांबले अन् भाकरीचं पीठ मळायला घेतलं. पोरगी माझ्याकडं बघत होती. त्या दिवशी बी मला काही वाटलं न्हाई, असंच मी तुम्हाला सांगणार होते. पण ते खोटं हाय. मला माझी किळस आली.

दुसरं साल लागलं. क्लासमध्ये दर आठवड्याला टेस्ट असायची, मार्क थेट बापाच्या मोबाईलवर. पोरगी आधी वरच्या पोरींत होती. मग मार्क खाली यायला लागले. एकदा, दोनदा, मग दरवेळी. सर फोनवर मला म्हणायचे, "तुझ्या हातचं खाऊन तिचं डोकं बधिर झालंय. तुझ्यासारखी होणार ती."

क्लासच्या बायोलॉजीच्या मॅडमनं मला बोलावून घेतलं. चांगल्या बाई होत्या. म्हणल्या, "तुमची मुलगी अर्धा पेपर कोरा ठेवून उठते. येत नाही म्हणून नाही हं. मी तेच प्रश्न तोंडी विचारले, तिने धडाधड सांगितले. मग लिहीत का नाही? घरी काही आहे का?"

"काही न्हाई मॅडम," मी म्हणलं. सवयच तशी.

खोलीवर आले. पोरीला जेवायला वाढलं. तिचं जेवण निम्म्यावर आलं तेव्हा विचारलं, "पेपर का सोडायलीस?"

"न्हाई येत मला."

"मॅडम म्हणल्या येतं म्हणून."

तिनं घास खाली ठेवला. मग सरळ सांगायला लागली, फळ्यावर गणित सोडवून दाखवावं तसं. "परीक्षा झाली की तुला परत जावं लागंल. मार्क आले तर बी जावं लागंल. मार्क न्हाई आले तर पप्पा मला रिपीट करायला लावतील. त्यांना डॉक्टरच पाहिजे, दुसरं काही चालणार न्हाई. मग आपल्याला अजून एक साल भेटंल इथं. ओंकार बी रिपीटच करायलाय ना, त्याची आई ऱ्हातीच की."

"अन् त्याच्या पुढं?"

"अजून एकदा रिपीट."

"अन् त्याच्या पुढं?"

पुढचं तिनं काढलं नव्हतं. एवढीशी पोरगी, किती पुढचं काढणार?

ह्यावेळी मला वाटलं. सांगते काय वाटलं. तळपायाची आग मस्तकाला गेली. सगळी हयात ज्या माणसावर मला राग आला न्हाई, त्याच्यावर आला. दादावर आला. स्वतःवर आला. अगं बाई, माझ्या लेकरानं माझ्यासाठी कोरे पेपर द्यायचे? तिनं आपलं साल जाळायचं अन् मी त्याच्यावर भाकरी भाजायची? मला वाटत होतं मी सुटलेय. कशाची सुटले? मी लपले होते. पोरीच्या परीक्षेच्या आडोशाला, भिंतीला पाठ लावून. अन् तो आडोसा पोरगी एकटी धरून उभी होती.

मी म्हणलं, "तू पुरा पेपर लिही. मी परत जाणार न्हाई. परीक्षा झाली तरी जाणार न्हाई."

ती हसली. कडू हसली. असलं हसू तिच्या तोंडावर मी कधी बघितलं नव्हतं. "आता म्हणायलीस. ते आले की मान खाली घालून टेम्पोत बसशील."

"न्हाई बसणार."

"आई, फोन बंद होता तरी तू काढत होतीस."

ती खरं बोलत होती. तिला माझा भरवसा नव्हता, अन् भरवसा येईपर्यंत ती पेपर कोरेच देणार होती. परीक्षा तोंडावर आलेली. मला तिच्या देखत, त्यांच्या तोंडावर बोलायचं होतं, अन् ते बी परीक्षेच्या आधी.

सर आलेच. पुढच्या टेस्टचे मार्क बघून रविवारी सकाळी नांदेडहून निघाले, दुपारी दारात हजर. बाया जिन्यावर मेथी निवडत होत्या. मी बी त्यांच्यातच बसलेली. पोरगी खोलीत. ते पायऱ्या चढून वर आले, बायांनी सरकून वाट दिली. कोणीतरी "या सर" म्हणलं.

"हे काय मार्क आहेत?" त्यांनी फोन माझ्या तोंडासमोर धरला. "दोन वर्षं इथे बसून काय केलंस? बायकांत बसून गप्पा मारल्यास?"

मी उठून उभी राहिले. मांडीवरची मेथी सगळी पायरीवर पडली.

"कान धर," ते म्हणले. "इथेच. यांच्यासमोर. कळू दे सगळ्यांना काय लायकीची आहेस ते."

पोरगी दारात येऊन उभी राहिली होती.

अन् माझे हात वर गेले. खोटं कशाला सांगू, गेले. आपोआप. बोटं कानाला लागली सुद्धा. तेवढ्यात पोरीकडं बघितलं. तिला नवल वाटलं नव्हतं, रडू आलं नव्हतं, काहीच न्हाई. मला हे मालूमच होतं, असं तिचं तोंड होतं. अन् ती वळली, आत जायला.

मी हात खाली घेतले.

"न्हाई."

"काय?"

"न्हाई धरणार कान. अन् नांदेडला बी येणार न्हाई. परीक्षेच्या आधी न्हाई, परीक्षा झाल्यावर बी न्हाई. पास झाली तरी न्हाई अन् नापास झाली तरी न्हाई."

आवाज माझाच होता, पण लई दिवस बंद असलेल्या नळासारखा खरखरत आला. पोरगी दारात थांबली.

इतका वेळ मी त्याला सर म्हणत आले, ते आले, ते गेले म्हणत आले. इथून पुढं तो म्हणते.

तो ओरडला. "कोणाच्या जिवावर बोलतेस? कोण आहे इथे तुझं?" अन् हात उगारला. मी डोळे मिटले न्हाईत.

खालून मावशीचा आवाज आला. "कोण हाय रे वर? आवाज खाली! पोरं अभ्यासाला बसलीत."

"मी हिचा नवरा आहे," तो खाली वाकून म्हणला.

"नवरा असा न्हाईतर कलेक्टर असा. हितं आवाज चढवायचा न्हाई. परीक्षा तोंडावर आलीय लेकरांची, कळतंय का?"

मावशी माझी बाजू घेत नव्हती. तिला माझं काही पडलं नव्हतं. ती तिच्या बिल्डिंगीचा कायदा सांगत होती. पण हा सगळी जिंदगी दुसऱ्याला गप्प बसवणारा माणूस, अभ्यास म्हणल्यावर खरोखर गप्प बसला. हात खाली आला. बारीक आवाजात म्हणला, "खोलीचं भाडं बंद. एक पैसा देणार नाही. बघतो किती दिवस टिकतेस." अन् पायऱ्या उतरून गेला. मेथी तुडवत.

टाळ्या कोणी वाजवल्या न्हाईत. असं नसतं. दोघी-तिघी आपापल्या खोलीत गेल्या अन् दारं लावून घेतली. त्यातल्या एकीनं तेव्हापासून माझ्याशी बोलणं सोडलं, तिच्या पोरीवर वाईट परिणाम होईल म्हणून. ओंकारची आई खाली बसून पडलेली मेथी गोळा करत होती. मी बी बसले. ती म्हणली, "अगं, अन् मी तुला चिडवत होते, लई जीव हाय म्हणून." मग डोळ्याला पदर लावून हळूच म्हणली, "माझ्या ओंकारचं बी हे तिसरं साल हाय."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं मान खाली घातली. त्या बिल्डिंगीत अशा आम्ही किती होतो, देव जाणे.

त्याच आठवड्यात मी मावशीला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं अन् म्हणली, वरच्या मजल्यावर आई सोबत नसलेली, एकटी राहणारी पोरं हायत, त्यांचे डबे कर. करायला लागले. अजून बी तेच करते. पहाटे उठते, गॅसपुढं उभी राहते, हाताला चटके बसतात. ते चटके लागतात आता. आधी लागत नव्हते. बायांच्या तक्रारी घेतात त्या ऑफिसात नवऱ्याची तक्रार द्यायला गेले तर तिथली बाई म्हणली, "मुलगी लग्नाची होईल उद्या, जरा जुळवून घ्या." मी म्हणलं, तुम्ही लिहून घ्या, जुळवायचं माझं मी बघते. तिनं नाक मुरडून लिहून घेतलं. केस चालू हाय. तारखा पडायल्यात.

पोरीनं पुरा पेपर सोडवला. सेंटरच्या गेटमधून बाहेर आली अन् लांबूनच मान हलवली. एमबीबीएसला नंबर लागला न्हाई, तेवढे मार्क आले न्हाईत. मागचं सालभर कोरे पेपर दिल्यावर कुठून येणार? आयुर्वेदाला लागला, लांबच्या गावी. ती गेली. जाताना रडली, मी न्हाई रडले. तिला म्हणलं, आता माझा विचार केलास तर बघ.

ती गेल्यावर दादा आला. गावाकडून, पिशवीत तुरीच्या शेंगा घेऊन. खोलीत इकडं तिकडं बघितलं, खाटेच्या कडेला टेकला. मी भाकरी करत होते.

"पोरगी तर गेली," तो म्हणला. "मग आता तू हितं कशाला?"

"हितंच ऱ्हाते."

"लोकं विचारायलेत गं. पारावर तोंड दाखवायची पंचाईत झाली. मी आपलं सांगून टाकलंय, पोरगी रिपीट करायली, म्हणून बहीण लातूरलाच हाय. सालभर खपून जाईल. तवर सरांचा राग उतरंल. मी बोलतो त्यांच्याशी."

मी तव्यावरची भाकर उलटली. तो वाईट माणूस न्हाई. शेंगा त्यानं स्वतः तोडून आणल्या होत्या. पण बघा, पुन्हा मला लपवायला जागा घेऊन आला होता, अन् पुन्हा माझ्या पोरीच्याच मागं.

"दादा, माझी पोरगी रिपीट न्हाई. ती पास झाली, कॉलेजला लागली. गावात जाऊन हे सांग. अन् बहिणीनं नवरा सोडला हे बी सांग. तो मारत होता म्हणून सोडला, असं सांग."

"असं कसं सांगू मी तोंडानं?"

"वळ तू बघितले होतेस."

तो जमिनीकडं बघायला लागला. मग म्हणला, "अन् उद्या सर आजारी पडले, अंथरुणाला खिळले, तर? तुझ्याबिगर कोण हाय त्यांना?"

"कोणी बी असू दे. मी न्हाई."

जेवला. हात धुतला. जाताना दारात थांबून म्हणला, "गावात मी न्हाई सांगू शकत. माझ्यानं व्हायचं न्हाई ते."

"मग मी येते," मी म्हणलं. "मी सांगते."

त्याला वाटलं रागात बोलायली. मी रागात नव्हते. दुसऱ्या दिवशी डबे लवकर केले, पोरांना पोचते केले अन् स्टँडवर जाऊन जळकोटच्या गाडीत बसले. लई सालांनी एकटी. शेजारी एक बाई होती, मांडीवर पिशवी, चांगली बोलकी. गाडी लातूरच्या बाहेर निघाली तशी तिनं विचारलं, "माहेरी निघालीस का गं? मालक काय करतेत?"

"मास्तर हाय," मी म्हणलं. "मारायचा. सोडलाय मी त्याला."

पुढच्या सीटवरच्या दोघांनी वळून बघितलं. त्या बाईनं पिशवी जवळ ओढली, जरा सरकून बसली अन् खिडकीबाहेर बघायला लागली. बघू दे. मी सांगायला नुसती सुरुवात केली होती. सगळं गाव अजून बाकी होतं.